शिसेविरहित पेट्रोल आणि जुनी इंजिने

शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडवलेली मोटारींची इंजिने शिसे नसलेल्या पेट्रोलवर चालवताना येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले की इंजिनाचे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबते, हे डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली यांना आढळले. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता, वाढवणे हा त्यामागचा हेतू होता. व्हॉल्व्हचे रक्षण हा ओघाने झालेला फायदा.

ज्वलनानंतर शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये बसत असे. हा थर नसला की तापलेले धातू क्षणभर एकमेकांना चिकटतात. व्हॉल्व्ह उचलला जाताना सीटच्या बिडाचे बारीक कण उपटले जातात आणि पुढे तेच कण सीटला कानशीसारखे घासतात. व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये रुतत जातो, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील) फट मिटते, कॉम्प्रेशन घटते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचा आवाज आपोआप बंद झाला तर मालकाला बरे वाटते, पण ही धोक्याची खूण आहे.

सर्वाधिक धोका बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या इंजिनांना असतो. मॉरिस मायनर, एमजीबी आणि आपल्याकडची १,४८९ सीसीची अॅम्बॅसेडर ही त्याची उदाहरणे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मुळातच वेगळ्या धातूच्या सीट बसवलेल्या असल्याने तेथे काळजी कमी. शिसे येण्यापूर्वीची इंजिने तर त्याविनाच चालत आली आहेत.

झीज मुख्यतः सलग वेगाने, जड ओझ्याखाली गाडी पळवल्यावर होते. रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीचे हेड केवळ भीतीपोटी उतरवणे हा वायफळ खर्च आहे. टॅपेटची फट नियमित मोजावी, नोंद ठेवावी. ती वारंवार मिटू लागली किंवा अन्य कारणाने हेड उतरले, तर कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्याव्यात. तोवर पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीजवर आधारित पूरक द्रव्य वापरता येते. मात्र निरनिराळी द्रव्ये एकत्र करू नयेत. ऑक्टेन कमी पडून नॉकिंग होत असेल, तर इग्निशन टायमिंग थोडे मागे घ्यावे.

भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागले. ब्रिटनमध्येही शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या आरंभी थांबली. अल्जीरियाने २०२१ मध्ये ती थांबवल्यावर जगभर मोटारींसाठीचे असे पेट्रोल संपले. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी हानी पाहता हा बदल आणखी लवकर व्हायला हवा होता.

आज भारतातील जुन्या गाड्यांना शिशाच्या अभावापेक्षा पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची चिंता अधिक आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप व डायफ्रॅम फुगतात वा भेगाळतात, आणि बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ओलावा शिरून गंज चढतो. त्यामुळे सीटकडे वळण्याआधी पेट्रोलचे पाइप बदलावेत.