बिनीचा गडी

मराठ्यांच्या फौजेत सगळ्यांत पुढे चालणाऱ्या तुकडीला बिनी म्हणत. वाट शोधायची, शत्रूची पहिली गाठ घ्यायची आणि पहिला मारही खायचा, हे तिचे काम. विसाजी कृष्ण तर इतिहासात बिनीवाले म्हणूनच ओळखले जातात. सध्या माझी नेमणूक रायपूरला आहे. इथून उत्तरेला असलेले रतनपूर १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या भास्करराम कोल्हटकरांनी घेतले. त्या फौजेपुढेही कुणी तरी बिनीला असणारच. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पुढे चालणाऱ्याचे बहुधा असेच होते.

धावपट्टीवरही बिनी असते. आठशे, पंधराशे मीटर किंवा तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतींत पुढे धावणाऱ्याला दोन दंड भरावे लागतात. एक, समोरचा वारा तो एकटा कापतो आणि मागचे त्याच्या आडोशाने येतात. दुसरा, वेग किती ठेवायचा याचा निर्णय प्रत्येक पावलाला त्यालाच घ्यावा लागतो. मागच्याला फक्त पुढची पाठ धरून ठेवायची असते. मग शहाणा माणूस पुढे जाईलच कशाला? उत्तर सोपे आहे. शेवटच्या दीडशे मीटरमध्ये आपल्यापेक्षा जास्त झेप असलेले गडी मैदानात आहेत हे ज्याला ठाऊक असते, त्याने शर्यत संथ होऊ दिली तर तो हरलाच. सुरुवातीपासून सगळ्यांना दमवणे हा त्याच्यापुढचा खरा मार्ग.

२५ जुलै १९७६, माँट्रियल. ऑलिंपिकच्या आठशे मीटरच्या अंतिम फेरीत आठ जण होते आणि त्यांत राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंग. प्रशिक्षक इलियास बाबर. शेजारी क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना, बेल्जियमचा इव्हो व्हान डाम, अमेरिकेचा रिक वोलहटर आणि पुढे जगभर गाजलेला ब्रिटनचा तरुण स्टीव्ह ओव्हेट. अशा मेळ्यात आपला माणूस पुढे निघाला. पहिली फेरी संपल्याची घंटा वाजली तेव्हा श्रीराम सिंग पहिले होते आणि घड्याळ ५०.८५ सेकंद दाखवत होते. दुसऱ्या फेरीत हुआंतोरेना लांब ढांगा टाकत पुढे गेला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा जागतिक विक्रम करून थांबला. श्रीराम सिंग सातवे आले. वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद.

वजाबाकी करून पाहा. दुसऱ्या फेरीला त्यांना ५४.९२ सेकंद लागले, म्हणजे पहिलीपेक्षा चार सेकंद जास्त. बिनीचा मोबदला तो हाच. सहावा आलेला धावपटू त्यांच्यापेक्षा सेकंदाच्या अवघ्या दोन शतांशांनी पुढे होता, आणि ओव्हेट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मग पहिली फेरी सेकंदभर सावकाश धावले असते तर? कदाचित पाचवे आले असते. पण पदक तरीही बऱ्याच अंतरावर होते, कारण तिसऱ्या आलेल्या वोलहटरची वेळ होती १ मिनिट ४४.१२. आणि पुढे गेल्यामुळेच ते आयुष्यातले सर्वांत वेगवान आठशे मीटर धावले, हेही तितकेच खरे. ती वेळ भारतीय विक्रम म्हणून बेचाळीस वर्षे टिकली. २०१८ मध्ये गुवाहाटीला जिन्सन जॉन्सनने १ मिनिट ४५.६५ सेकंदांत ती मोडली. तोही फौजीच. बेचाळीस वर्षांत फरक पडला बारा शतांश सेकंदांचा!

आता आपल्या मातीतला गडी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावी झाली आणि पोरगा ५ महारमध्ये भरती झाला. सियाचीन पाहिले, राजस्थानची वाळू पाहिली, सिक्कीम पाहिले आणि २०१५ मध्ये फौजेच्या क्रॉस कंट्रीतून धावण्याच्या वाटेला लागला. अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि त्यानंतर आपलाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत राहिला. देशात त्याच्या बरोबरीने धावणारा कुणी नव्हता. त्यामुळे एकट्याने पुढे धावण्याची सवय त्याच्या अंगात मुरली.

या सवयीचे फळ १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिळाले. अविनाश पुढे निघाला तो निघालाच. ८ मिनिटे १९.५० सेकंद, सुवर्णपदक, आणि दुसरा जपानी धावपटू चार सेकंदांहून अधिक मागे. स्टीपलचेसचे आशियाई सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

पण हीच सवय जगाच्या मेळ्यात कशी अडते, तेही त्याच्याच धावण्यातून दिसते. २०२२ च्या युजीनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम शर्यत फारच संथ झाली. सगळे एकमेकांवर नजर ठेवून धावले, शेवटी झेप घेतली आणि मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकला. अविनाश अकरावा, ८ मिनिटे ३१.७५. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अविनाशने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि शर्यत जलद झाली. त्याची वेळ ८ मिनिटे १४.१८, म्हणजे युजीनपेक्षा सतरा सेकंदांनी चांगली. क्रमांक? पुन्हा अकराव्वाच. या दोन्हींच्या मध्ये बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा येते. तिथे त्याने केनियाच्या धावपटूंची साथ सोडली नाही, शेवटच्या फेरीत जोर लावला आणि पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकले. रौप्य मिळाले. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता, ती परंपरा मांडव्याच्या पोराने मोडली.

यातून मला दिसते ते इतकेच. आघाडी हा स्वभाव झाला की ती कधी तारते, कधी बुडवते. आघाडी हा निर्णय असेल, तर हरल्यावरही तिचा हिशेब लागतो.

रायपूरच्या मैदानांवर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरे दिसतात. बस्तरची, महासमुंदची, धमतरीची. कित्येकांच्या घरात पगार येण्याचा तो एकच रस्ता. भरती मेळाव्यातली सोळाशे मीटरची धाव म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. कित्येक वर्षे पूर्ण साठ गुणांसाठी ती साडेपाच मिनिटांत संपवावी लागे. म्हणजे एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. पोरे काय करतात? शिट्टी वाजताच जिवाच्या आकांताने सुटतात. पहिली फेरी सत्तरच्या आत, आणि तिसऱ्या फेरीत छातीत भाता. गर्दीत अडकू नये म्हणून पुढे जाणे ठीक, तो भाग खराच आहे. बॅच मोठी असते, कोपर लागते, पाय अडकतो. पण पहिल्या शंभर मीटरमध्ये जागा मिळाली की वेग आपल्या मुठीत आणायचा असतो. इथे कुणाला हरवायचे नसते. इथला प्रतिस्पर्धी घड्याळ आहे, आणि घड्याळ शेवटच्या वळणावर झेप घेत नाही.

म्हणून कुणी विचारले तर मी त्यांना आधी श्रीराम सिंगांची गोष्ट सांगतो. मग एक घड्याळ हातात देतो आणि म्हणतो, चार फेऱ्या धाव, चारही ब्याऐंशीच्या.