नावानं हाक, की थेट फंक्शन? जावास्क्रिप्टमधल्या एका छोट्या बदलाचा इतिहास

इथं नांदगाव खंडेश्वरला कापूस विकला गेला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जावा, असा प्रोग्राम तुम्ही लिहिताय असं समजा. ‘विक्री झाली’ ही घटना, म्हणजे इव्हेंट. ती घडल्यावर मेसेज पाठवणारं ते फंक्शन. या दोघांची गाठ कशी बांधायची, एवढाच आजचा विषय. पण त्यामागं तीस वर्षांचा इतिहास आहे.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. तेव्हा बटणाच्या टॅगमध्येच ‘ऑनक्लिक’ लिहायचं. एका बटणाला एकच काम. दुसरं लावलं की पहिलं पुसलं जायचं. नोव्हेंबर २००० मध्ये ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ प्रमाण ठरलं आणि एका घटनेला अनेक फंक्शनं जोडता येऊ लागली. इंटरनेट एक्सप्लोररनं मात्र २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत आपलीच वेगळी पद्धत चालवली. ही दरी बुजवणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी जॉन रेसिग यांची २००६ ची जेक्वेरी सगळ्यांत गाजली.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं. त्यातला ‘इव्हेंटएमिटर’ दवंडीसारखा आहे बघा. घटनेचं नाव पुकारायचं. त्या नावावर कान ठेवून बसलेली सगळी फंक्शनं कामाला लागतात. सोय मोठी, पण नाव म्हणजे नुसती अक्षरं. ‘कापूस’ हा शब्द रोमन लिपीत कोणी एका ‘यू’नं लिहितो, कोणी दोन ‘ओ’ लावून. एकानं एका स्पेलिंगनं पुकारलं, दुसरा दुसऱ्या स्पेलिंगवर कान ठेवून बसला, तर काय होईल? काहीच नाही! प्रोग्राम तक्रारही करत नाही. शेतकरी तिकडं मेसेजची वाट बघत बसतो.

यावर उपाय म्हणून छोट्या लायब्रऱ्या निघाल्या. रॉबर्ट पेनर यांच्या फ्लॅशसाठीच्या ‘सिग्नल्स’वरून मिलर मेडेरोस यांनी जावास्क्रिप्टसाठी ‘जेएस-सिग्नल्स’ लिहिली. त्यात प्रत्येक घटना ही स्वतंत्र वस्तू. काही लायब्रऱ्या आणखी पुढं गेल्या: घटना म्हणजेच एक फंक्शन. त्याच्या हाती तुमचं फंक्शन दिलं की ते यादीत बसतं. इथं स्पेलिंग चुकलं, तर तसं फंक्शनच सापडत नाही; ती ओळ चालताच प्रोग्राम अडतो. क्यूटी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीनंही २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत नावांच्या जोडीला थेट फंक्शन जोडायची सोय दिली, ती याचसाठी.

याची किंमतही आहे. दवंडी कोणीही ऐकू शकतो. इथं मात्र ते फंक्शन आधी तुमच्या फाइलमध्ये आणावं लागतं, म्हणजे कोडचे भाग एकमेकांना जास्त बांधले जातात. म्हणून दोन्ही पद्धती आजही टिकून आहेत. निवड करताना एकच विचारा: चूक झाली तर ती आधी कोणाला कळणार, आपल्याला की वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला?