सिगऱ्याचे बंगले आणि काशीवास

उतारवयात काशीस जाऊन राहणे ही मराठी कुटुंबांच्या दृष्टीने शतकानुशतके चालत आलेली रीत होती. मुलांवर संसार सोपवावा, पतीपत्नींनी गंगेचा काठ धरावा, आणि निश्चय पक्का असेल तर क्षेत्रसंन्यास घेऊन पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकू नये, असा तिचा क्रम. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या परिसरातील दक्षिणी वाड्यांनी अशी कितीतरी जोडपी पाहिली. एकोणिसाव्या शतकात त्याच नगरीच्या पश्चिमेस, सिगरा भागात, दुसऱ्या प्रकारची जोडपी आयुष्ये काढीत होती. तीही दुरून आली होती, तीही धर्मासाठीच आली होती. मात्र काशीत मरावे हा त्यांचा हेतू नव्हता. मिशनऱ्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या आकड्यांनी किंवा वादविवादांच्या वृत्तान्तांनी सांगितला जातो. त्यांच्या घरांकडे आपण फारसे पाहिलेले नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ आणि जन्माने जर्मन असलेले चार्ल्स बेंजामिन लॉयपोल्ट हे दोघेही 1830 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनारसला आले आणि सुमारे चाळीस वर्षे तेथे राहिले. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स केनेडी 1839 मध्ये सपत्नीक आले. त्या काळी केपला वळसा घालून कलकत्ता गाठायचे आणि तेथून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नावेने किंवा पालखीने वर यायचे, असा सर्वसाधारण मार्ग होता. मुघलसरायपर्यंत आगगाडी आली ती 1862 साली. चैत्र संपताच लू वाहू लागे. मग दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपायचे, छताचा पंखा ओढायला माणूस ठेवायचा, पहाटे बाजारात प्रवचन आटोपून दुपार अंधाऱ्या खोलीत काढायची. पावसाळ्यात ताप येई, आणि पटकीचे भय तर बारमाही असे. या साऱ्याचा सराव होतो. सराव होत नसे तो मुलांच्या विरहाचा. मूल सहासात वर्षांचे झाले की त्याला विलायतेस धाडावे असा त्या समाजातला रिवाज होता. पुन्हा भेट होईपर्यंत मूल आईवडिलांना ओळखीनासे झालेले असे.

ही रिकामी जागा कशाने भरली, याचे एक उत्तर सिगऱ्याच्या अनाथालयात मिळते. 1837-38 च्या भीषण दुष्काळात पोरकी झालेली मुले तेथे आली, आणि त्यांतील मुलींचे संगोपन व शिक्षण श्रीमती लॉयपोल्ट यांनी अंगावर घेतले. शिक्षिका तयार करण्याचे कामही पुढे त्यांनी उभारले. पतीच्या प्रवचनांपेक्षा पत्नीच्या या कामाची मुळे या भूमीत अधिक खोल गेली, असे माझे मत आहे. मिशनच्या कागदपत्रांत मात्र या स्त्रिया बहुतेकदा नवऱ्याच्या आडनावानेच वावरतात.

याच सिगऱ्याशी एका मराठी घराची गाठ पडली. नीळकंठशास्त्री गोरे हे झाशीजवळ 1825 साली जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन. न्यायाचे आणि व्याकरणाचे अभ्यासक. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथास त्यांनी विशीच्या आतच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतात उत्तर दिले. स्मिथ यांना गाठले तेही वादात हरवण्यासाठीच. स्मिथ हे पंडित नव्हते. नैयायिक तरुणाशी खंडनमंडन करण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी त्याच्यापुढे ठेवले ते नव्या करारातील वचन आणि स्वतःचे शांत वागणे. या दोहोंपैकी कशाचा प्रभाव अधिक पडला याचा निर्णय आज कोणी द्यावा? एवढे खरे की 14 मार्च 1848 रोजी, काशीत खळबळ नको म्हणून जौनपूरला, नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. स्मिथ यांनी ही हकिगत ‘द्विज’ या नावाने 1850 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. नाव अर्थपूर्ण आहे, आणि ज्या घरातून हा मुलगा गेला त्या घराला ते झोंबणारेही असले पाहिजे.

गोऱ्यांची बुद्धी मिशनच्या चौकटीतही स्वस्थ बसली नाही. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ 1860 साली निघाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांच्या लेखनाचा परिणाम झाला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. तरीही शंका त्यांना अखेरपर्यंत, म्हणजे 1895 मध्ये मुंबईत देहावसान होईपर्यंत, सोडून गेल्या नाहीत. काशीच्या पाठशाळेने दिलेली ही देणगी कोणत्याही बाप्तिस्म्याने धुऊन जाण्यासारखी नव्हती.

1857 च्या जूनमध्ये बनारसच्या युरोपियनांनी टाकसाळीच्या इमारतीत आश्रय घेतला. चोवीस-पंचवीस वर्षे ज्या गावात घर केले तेथे आपण परके आहोत, हे तेव्हा या वयस्क जोडप्यांना कळले असेल. पण ती परत सिगऱ्यालाच गेली. केनेडींनी शेवटची वर्षे कुमाऊंच्या थंड डोंगरांत काढली. काशीवासी मराठी जोडप्याला पंचक्रोशी ओलांडणे निषिद्ध, तर यांना उन्हाळ्यात ती ओलांडल्यावाचून गत्यंतर नसे. निवृत्तीनंतर लॉयपोल्ट यांच्या आठवणींचा दुसरा ग्रंथ आणि केनेडींचा बनारस-कुमाऊंविषयीचा ग्रंथ, दोन्ही 1884 सालीच प्रसिद्ध झाले. काशीवर 1868 मध्ये विस्तृत ग्रंथ लिहिणारे मॅथ्यू शेरिंग यांना मात्र परतणे लाभले नाही. 10 ऑगस्ट 1880 रोजी बनारसमध्येच पटकीने त्यांचा अंत झाला.

या साऱ्यांहून मनात राहते ती गोऱ्यांची मुलगी. धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाई नीळकंठशास्त्र्यांकडे आल्या होत्या. 11 सप्टेंबर 1853 रोजी बनारसला मुलगी झाली आणि काही महिन्यांतच आई गेली. वडील महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला निघाले. मूल एका निळवाल्या युरोपियन कुटुंबात वाढले. बंडात त्या कुटुंबाची स्थिती खालावल्यावर दुसऱ्या एका मिशनरी कुटुंबाने 1865 मध्ये तिला विलायतेस नेले. सिगऱ्याच्या बंगल्यांतील मुले ज्या वाटेने आईबापांपासून दूर गेली, त्याच वाटेने काशीतल्या एका चित्पावनाची मुलगी गेली. ती इंग्रजीत कविता लिहू लागली, आणि 1880 साली स्वतःच मिशनरी होऊन हिंदुस्थानात परतली. 1937 मध्ये येथेच वारली. तिच्या कवितांवर नाव छापले जाई ते एलेन लक्ष्मी गोरे असे.