नाक शिंकरायचं म्हणजे कसं?

थंडीतल्या सकाळी साताऱ्याजवळच्या माहुलीपासून सांगलीजवळच्या हरिपूरपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही शाळेत जा. प्रार्थना चालू असताना काही मुलं नाक ओढत असतात. बाई म्हणतात, ‘जा, नाक शिंकरून ये.’ पण शिंकरायचं कसं? आम्हाला तरी शाळेत हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

याला इतिहास आहे. युरोपात इरॅस्मस या विद्वानानं 1530 मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर पुस्तक लिहिलं. नाक टोपीला किंवा बाहीला पुसू नये, रुमाल वापरावा, असं त्यात सांगितलं होतं. म्हणजे नाक कशाला पुसावं ते कळलं. जोर किती लावावा, हा प्रश्न राहिलाच.

त्याचं उत्तर कानाच्या अभ्यासातून मिळालं. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. सोळाव्या शतकात तिचं वर्णन करणाऱ्या युस्टेशियसचं नाव तिला मिळालं. 1704 मध्ये इटलीतल्या वाल्साल्वानं कानावर ग्रंथ लिहिला. पडदा फाटलेल्या कानातला पू बाहेर काढायला त्यानं युक्ती सुचवली: नाक-तोंड बंद करून जोरानं फुंकायचं. हवा नळीतून कानात शिरते आणि पू बाहेर ढकलते. सर्दीत दोन्ही नाकपुड्या रुमालात गच्च धरून फुंकलं, तर जवळजवळ हेच घडतं. फक्त हवेबरोबर शेंबूडही आत जाऊ शकतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते.

अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नाकातला दाब मोजला. शिंकताना आणि खोकताना तो सरासरी 10 मिलिमीटर पाऱ्याहून कमी भरला. शिंकरताना सुमारे 66! नाकातला द्राव चेहऱ्याच्या हाडांमधल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, गेलेला स्कॅनमध्ये दिसला. त्यामुळे आजार होतोच, असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही.

आता आपल्या आजोबांची रीत आठवा. बांधावर वाकून एक नाकपुडी अंगठ्यानं दाबायची, दुसरी मोकळी करायची, मग उलट. शाळेनं ती गावंढळ ठरवली. शेंबूड उघड्यावर टाकणं वाईटच. पण एकेक नाकपुडी मोकळी करण्यातलं शहाणपणही त्याबरोबर गेलं.

रुमाल आणि ही रीत एकत्र आणता येईल. एक नाकपुडी हलकेच दाबून दुसरीतून हळू फुंकायचं, तोंड किंचित उघडं ठेवायचं, मग हात साबणानं धुवायचे. वर्गात नाकपुडीसमोर कापसाचा बोळा धरून सराव घेता येईल: बोळा हलला पाहिजे, उडता कामा नये.

आणि एक. सर्दीनंतर एखादं मूल हाक मारली तरी वळत नसेल, तर त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावण्याआधी त्याचा कान डॉक्टरांना दाखवायला पालकांना सांगूया. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल.