गाडीच्या विम्याचा हप्ता कसा ठरतो? पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

रत्नागिरी : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. बाजारपेठेत, घरासमोर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिल्यांदाच विम्याचा कागद नीट उघडून वाचला. ज्यांच्या कागदावर फक्त ‘थर्ड पार्टी’ होतं, त्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी त्या पॉलिसीतून एक रुपयाही मागता येत नव्हता.

विमा घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘सगळ्यात स्वस्त कितीला बसेल?’ पण हप्ता कशाचा बनतो हे कळलं, तर कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही हेही कळतं.

हप्त्याचे दोन मुख्य भाग

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई यातून मिळते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडल्यास दंड ४ हजार. खरा धोका मात्र दंडाचा नाही. विमा नसताना अपघातात कुणी दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. त्यात घर, बागायत विकायची वेळ येऊ शकते.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’. अपघात, चोरी, आग, पूर, वादळ, दरड या सगळ्याचं संरक्षण यात येतं. दोन्ही भाग मिळून जी पॉलिसी होते, तिला आपल्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं

हा दर कुठल्याही कंपनीकडे सारखाच असतो, त्यात घासाघीस होत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे (१८ टक्के जीएसटी वेगळा) :

- खासगी कार, १००० सीसीपर्यंत : २,०९४ रुपये
- १००० ते १५०० सीसी : ३,४१६ रुपये
- १५०० सीसीच्या वर : ७,८९७ रुपये
- दुचाकी, ७५ सीसीपर्यंत : ५३८ रुपये
- ७५ ते १५० सीसी : ७१४ रुपये
- १५० ते ३५० सीसी : १,३६६ रुपये
- ३५० सीसीच्या वर : २,८०४ रुपये

सरकार हे दर वेळोवेळी बदलतं, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी चालू दर पाहून घ्या. नवीन कार घेताना तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. मात्र त्या काळात ओन डॅमेजचा भाग दरवर्षी वेगळा भरावा लागू शकतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ असं समजून गाफील राहू नका, कागदावर दोन्हींच्या तारखा बघा.

ओन डॅमेजचा दर कशावर?

इथे प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा येतो. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारणं फायद्याचं.

१. गाडीची विमा किंमत (आयडीव्ही) : गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर जास्तीत जास्त एवढीच रक्कम मिळते. कंपनीच्या यादीतल्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पुढे मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. हप्ता कमी दिसावा म्हणून कुणी आयडीव्ही खाली आणून देत असेल, तर नुकसान तुमचंच.

२. नोंदणीचं ठिकाण : मुंबई, पुणे अशी आठ मोठी शहरं ‘अ’ विभागात धरतात, बाकी सगळा भाग ‘ब’ विभागात. आपली एमएच ०८ची गाडी ‘ब’मध्ये येते, म्हणून दर थोडा कमी. मुंबई-पुण्यात नोंदलेली जुनी गाडी गावी आणली असेल, तर हा फरक दिसू शकतो. पण तो फार मोठा नसतो.

३. इंजिनची क्षमता आणि गाडीचं वय.

४. नो क्लेम बोनस : वर्षभर दावा केला नाही, तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. दावा केला की पुढच्या वर्षी ही सूट जाते. मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तरीही जाते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली, तर तो नव्या गाडीवर घेता येतो.

एक हिशोब

समजा, १२०० सीसीची कार आहे आणि ओन डॅमेजचा हप्ता ८ हजार रुपये येतो. तीन वर्षं दावा नसल्याने ३५ टक्के सूट मिळून तो ५,२०० होतो. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ धरले की ८,६१६ रुपये. जीएसटीसह साधारण १०,१६७. हीच पॉलिसी ९० दिवसांच्या पुढे लांबली तर बोनस जाऊन सुमारे १३,४७१ रुपये भरावे लागतील. म्हणजे फक्त विसरल्यामुळे ३,३०४ रुपये जास्त. बंपरच्या दोन-तीन हजारांच्या कामासाठी दावा करायचा की नाही, हेही याच हिशोबाने ठरवा. (मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचा हप्ता यात धरलेला नाही.)

कोकणात कुठली जोड घ्यावी?

साध्या फुल इन्शुरन्समध्ये प्लास्टिक-रबरच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. ‘झिरो डेप’ घेतलं तर ही कपात होत नाही. सखल भागात, नदी-खाडीकाठी राहणाऱ्यांनी ‘इंजिन प्रोटेक्शन’चा विचार जरूर करावा. पुराचं नुकसान पॉलिसीत येतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेल्याने इंजिन बिघडलं, तर साध्या पॉलिसीत कंपनी तो खर्च नाकारू शकते. म्हणून बुडालेल्या गाडीला चावी लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.

दावा इथे अडकतो

- खासगी नंबरच्या गाडीने भाडी मारणं. गणपतीत, शिमग्याला स्टेशनवरून प्रवासी आणताना अपघात झाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.
- चालकाकडे वैध लायसन्स नसणं किंवा दारू पिऊन गाडी चालवणं.
- गॅस किट बसवून आरसी आणि पॉलिसीत नोंद न करणं.
- जुनी गाडी घेऊन विमा आपल्या नावावर न करणं. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येतं, ओन डॅमेजचं आपोआप येत नाही.

पैसे भरल्यावर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख तपासा, म्हणजे बोगस पॉलिसी लवकर लक्षात येते. दाव्याबाबत तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी द्या. दाद लागली नाही, तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर विमा लोकपालांकडेही जाता येतं, तिथे फी लागत नाही.

पावसाळा तोंडावर येण्याआधी एकदा पॉलिसी उघडा. मुदत कधी संपते, फक्त थर्ड पार्टी आहे की फुल, आणि आयडीव्ही किती, या तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं पुरतात.