पॅकेज भांडाराचे स्थलांतर

सॉफ्टवेअरची पॅकेजे, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, सह्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात ते भांडार एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर नेणे. रोजच्या बोलण्यात याला 'रेपो हलवणे' म्हणतात. फायली हलवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो दोन गोष्टींत : इतरांनी आपापल्या यंत्रांत लिहून ठेवलेला जुना पत्ता, आणि भांडाराभोवती साठलेला इतिहास. कोल्हापूरच्या शाहूपुरीतला गुळाचा व्यापार मार्केट यार्डात गेला तेव्हा वाट चुकलेल्या गाडीवानाला चौकात कुणीही नवी जागा सांगू शकत होते. बिल्ड स्क्रिप्ट मात्र कुणाला विचारत नाही. जुन्या दारावर जाते, उत्तर आले नाही की तिथेच बंद पडते.

कारणे : बहुतेक वेळा भांडारचालकाच्या इच्छेचा प्रश्नच नसतो, घरमालकच दुकान बंद करतो. गूगल कोडने मार्च २०१५ मध्ये आवराआवर जाहीर केली आणि जानेवारी २०१६ मध्ये सेवा थांबवली. जेफ्रॉग कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये बिनट्रे आणि जेसेंटर ही भांडारे बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा अँड्रॉइड अ‍ॅप लिहिणाऱ्या असंख्य लोकांच्या ग्रेडल फाइलीत 'जेसेंटर' ही एक ओळ होती, आणि ती कुणी मुद्दाम निवडलेलीही नव्हती. नवा प्रकल्प उघडला की ती आपोआप येत असे. ओरड झाल्यावर जेसेंटर केवळ वाचनासाठी चालू राहिले. जुने सॉफ्टवेअर सांभाळणे जड होणे, हे दुसरे कारण. पायथनचे पायपीआय हे भांडार एप्रिल २०१८ मध्ये 'वेअरहाउस' या नव्याने लिहिलेल्या प्रणालीवर गेले ते यामुळे. त्याचा पत्ताही बदलला, पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय ठेवली होती, त्यामुळे बहुतेकांना काही कळलेच नाही. कोणत्याही स्थलांतराला याहून मोठी शाबासकी नाही.

लोहितचे उदाहरण : महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण लोहित टंकसंचांचे. हे टंक मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. पुढे त्यांची देखभाल रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील प्रवीण सातपुते आणि त्यांचे सहकारी करत. २०११ मध्ये परवाना जीपीएलवरून ओपन फॉन्ट लायसन्सवर आला. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी लोहितचे नाव न ऐकताच त्याची अक्षरे वर्षानुवर्षे वाचली आहेत.

लोहितचे घर होते फेडोरा या लिनक्स वितरणाची 'फेडोरा होस्टेड' ही सेवा. तिथे फायलींचा पत्ता प्रकल्पाच्या रोमन नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून जात असे : आधी 'एल'चा फोल्डर, मग 'ओ'चा, मग 'लोहित'. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस ही सेवा संपवण्यात आली. भांडार आणि तिकिटे (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी व त्यांखालची चर्चा) पॅग्यूर या व्यासपीठावर गेली, स्रोत गिटहबवरही ठेवला गेला, आणि प्रसिद्ध आवृत्त्यांचा पत्ता सरळ झाला. मधले 'एल', 'ओ' गेले. दिसायला एवढासाच फरक. पण लोहित फक्त फेडोरात नव्हता. डेबियन, निक्स यांसारख्या इतर वितरणांच्या पॅकेजकृतींत जुना पत्ता लिहिलेला होता, आणि प्रत्येकाला आपापली ओळ बदलावी लागणार होती.

इथे चेकसम कामाला येतो. पॅकेजकृतीत पत्त्याशेजारी फाइलीचा चेकसम नोंदलेला असेल, तर फाइल कुठूनही आली तरी ती तीच आहे की नाही हे क्षणात ठरते. फेडोरा तर मूळ टारबॉलची प्रत स्वतःच्या साठ्यात ठेवते, त्यामुळे उगमाचा सर्व्हर बंद पडला तरी पॅकेज पुन्हा बांधता येते. गिटचेही तसेच : 'क्लोन मिरर', मग 'पुश मिरर' केले की प्रत्येक नोंदीचा हॅश जसाच्या तसा नव्या जागी पोचतो. सबव्हर्जनवरून गिटवर येताना मात्र ही चैन नसते. इतिहास नव्याने रचावा लागतो आणि लेखकांची नावे-ईमेल जुळवत बसावे लागते.

तिकिटांचे हाल सर्वांत जास्त होतात. टंकाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी. 'दर्‍या', 'तर्‍हा' यांतला र रफारासारखा डोक्यावर जात नाही. अशा प्रत्येक ठिकाणी टंकात एक नियम असतो, आणि तो नियम का आहे हे कोडात लिहिलेले नसते, तक्रारीखालच्या चर्चेत असते. ती चर्चा हरवली तर पाच वर्षांनी कुणीतरी नियम अनावश्यक समजून काढून टाकतो. फेडोरा होस्टेडची तिकिटे ट्रॅक या प्रणालीत होती. ती पॅग्यूरमध्ये आणण्यासाठी आयातीचे स्वतंत्र साधन लिहिण्यात आले. पॅग्यूरची रचना या बाबतीत शहाणपणाची आहे : तिकिटेही गिट भांडारातच साठतात, म्हणजे स्रोताबरोबर तीही क्लोन करून घरी नेता येतात. ही सोय बऱ्याच मोठ्या व्यासपीठांवर नाही, आणि तिची आठवण निघताना होते.

सह्या, मिरर आणि जुने दार : आरपीएम किंवा डेबियन पद्धतीच्या भांडारात पॅकेजांची यादी आणि तिच्यावरची सही यांवर सगळा विश्वास उभा असतो. सहीची किल्ली तीच ठेवली तर वापरणाऱ्याला फक्त पत्ता बदलावा लागतो. पत्ता आणि किल्ली एकाच वेळी बदलली तर सावध माणूस हा घोटाळा समजून थांबतो, आणि त्याचे बरोबरच असते. कोल्हापूर, इचलकरंजीकडच्या कॉलेजांसारख्या ठिकाणी एकच जोडणी सगळ्या लॅबला पुरवायची असेल तर स्थानिक मिरर, म्हणजे भांडाराची जवळची प्रत, ठेवणे सोयीचे असते. तेव्हा विद्यार्थ्यांच्या यंत्रांना हात लावावा लागत नाही, मिररचा वरचा पत्ता एका जागी बदलला की भागते. उलट प्रत्येक यंत्र थेट बाहेर जात असेल तर ३० जून २०२४ नंतर सेंटॉस ७ वाल्यांनी पाहिली ती ओळ दिसते : 'यम' या पॅकेजे आणणाऱ्या साधनाला 'बेस' भांडाराचा वैध पत्ता सापडत नाही. पॅकेजे नाहीशी झालेली नव्हती, 'व्हॉल्ट' या जुन्या साठ्यात होती. मिररची यादी देणारे नाव तेवढे बंद झाले होते.

सोडलेले दार मोकळे ठेवणे धोक्याचे. मे २०२२ मध्ये पायपीआयवरच्या 'सीटीएक्स' या पॅकेजच्या देखभालकर्त्याच्या ईमेलचे डोमेन मुदत संपून मोकळे झाले. परक्याने ते विकत घेतले, पासवर्ड बदलून घेतला आणि पॅकेजमध्ये गुपिते चोरणारा कोड घातला. म्हणून जुने डोमेन आणि खात्याचे नाव स्थलांतरानंतरही वर्षानुवर्षे भाडे भरून ताब्यात ठेवतात. हिशेबात हा खर्च कुणी धरत नाही.

डेबियनने २०१८ मध्ये अ‍ॅलिऑथ हे फ्यूजनफोर्जवर चालणारे व्यासपीठ सोडून गिटलॅबवर उभारलेले साल्सा स्वीकारले. तेव्हा भांडारे आपोआप उचलून नेली नाहीत, ज्याला हवे त्याने आपले न्यावे असे ठरले. त्यामुळे कुणी वाली नसलेले प्रकल्प मागे राहिले. हे कठोर वाटते, पण कोणते पॅकेज खरोखर जिवंत आहे हे त्यातून कळते. फेडोरानेही २०२४ च्या अखेरीस पॅग्यूरऐवजी फोर्जेजो निवडले. म्हणजे २०१७ मध्ये हललेल्या प्रकल्पांवर पुन्हा बिऱ्हाड हलवण्याची पाळी आली आहे, आणि ज्यांची तिकिटे गिटमध्येच आहेत त्यांना या वेळी निदान सामान बांधलेले मिळेल.