ऐकून पाहणे

जुन्या नाटक मंडळ्यांवरचा एक मराठी लेख मी इंग्रजीत करत होते. दिल्लीच्या संपादकाने मसुदा वाचून समासात एक प्रश्न लिहून पाठवला: या मुलांची ऑडिशन कशी घेत असत? मी मूळ लेख पुन्हा उघडला. त्यात ऑडिशन नव्हती, परीक्षा नव्हती, चाचणीही नव्हती. ‘मंडळीत घेतले’ एवढेच होते. इंग्रजीत मी जे क्रियापद वापरले होते त्यावरून संपादकाला वाटले, की मूल आले, त्याने काही म्हणून दाखवले आणि त्याला भूमिका मिळाली. मराठी वाक्यात भूमिकेचा पत्ताच नव्हता.

चूक माझीच. मंडळीत घेणे आणि भूमिका मिळणे या दोन वेगळ्या घटना होत्या, आणि त्यांच्यामध्ये वर्षे जात. गोड गळ्याचा किंवा नाकीडोळी नीटस मुलगा दिसला की त्याला मंडळीत घेत. मग तो मंडळीच्या पंगतीत जेवायचा, मुक्कामामागून मुक्काम हिंडायचा, नांदीला मागे उभा राहायचा, सखीच्या दोन ओळी म्हणायचा. रोज तालीम. विंगेत उभे राहून मोठ्यांची पदे तोंडपाठ व्हायची. भूमिका यायची ती कोणाचा आवाज फुटला म्हणून, कोणी मंडळी सोडून गेला म्हणून, किंवा कोणी वारला म्हणून. ही निवड एका दुपारी होत नसे.

मी बडोद्यात राहते, त्यामुळे भाऊराव कोल्हटकरांबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी बडोद्याचे भाऊराव त्यांच्या मंडळीत आले. ते आले गळ्याच्या जोरावर. अभिनय मंडळीत शिकवता येईल असा हिशेब होता. भाऊरावांची सुभद्रा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. १९०१ साली ते गेले तेव्हा मंडळीला नटाइतकाच एक स्वर गमावल्याचे दुःख झाले. त्या जागी दुसरा स्वर यायला चार वर्षे लागली.

तो स्वर नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचा, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांचा. इथे मला शब्दाची गंमत वाटते. ‘ऑडिशन’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदापासून आलेला आहे. ऐकायचे ते परीक्षकाने. नारायणाच्या बाबतीत मात्र प्रश्न खुद्द त्याच्या कानाचा होता. त्याला नीट ऐकू येत नसे. गाणाऱ्या मुलाला ऐकू कमी येते म्हटल्यावर कोणत्याही चाचणीत त्याचे काय झाले असते हे सांगायला नको. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले होते. त्यांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्या कानावर उपचार करवले. १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत गेला, गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला तालीम दिली आणि तो शकुंतला झाला. आधी विश्वास, मग उपचार, मग तालीम, आणि सगळ्यात शेवटी भूमिका. आजची ऑडिशन हा क्रम उलटा लावते. तयार होऊन या, मग तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते पाहू.

संपादकाला हे सगळे लिहावे असे वाटले, पण समासात एवढी जागा नसते.

मंडळीबाहेरच्या माणसांना जाहिरात देऊन बोलावण्याची पद्धत सिनेमाने आणली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माणसे आली, पण हवी तशी नव्हती. कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये असे म्हणे पुढे जाहिरातीतच घालावे लागले. हरिश्चंद्राला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीला कोणी मिळेना. कुलीन घरातल्या बायका येणे शक्यच नव्हते, आणि ज्यांना समाजाने कुलीन मानले नव्हते त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात फाळक्यांची नजर तिथल्या आचाऱ्यावर गेली. त्याची अंगलट नाजूक होती आणि हात सडपातळ. अण्णा साळुंके त्याचे नाव. हॉटेलात दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका ही अशी, चहाच्या टेबलावर निवडली गेली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तेव्हा फाळक्यांची नजर चुकली होती असे कोणी म्हणू नये.

पण मला साळुंक्यांपेक्षा त्या रिकाम्या रांगेत जास्त रस आहे. तारामतीसाठी एकही स्त्री पुढे आली नाही, याचा अर्थ अभिनय येणारी एकही स्त्री नव्हती असा नाही. त्याच वर्षी, १९१३ मध्येच, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती म्हणून उभ्या राहिल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या प्रतिष्ठित घरातल्या. एकच भूमिका, मध्ये एकोणीस वर्षे. एकीकडे आचारी, दुसरीकडे दुर्गा खोटे. या एकोणीस वर्षांत अभिनय तपासण्याची पद्धत बदलली म्हणून हे झाले नाही. रांगेत उभे राहायची मुभा कोणाला, हे बदलले. निम्मी माणसे चाचणी सुरू होण्याआधीच बाद झालेली असतील, तर चाचणी किती चोख होती याची चर्चा करून काय मिळणार?

बोलपट आल्यावर तरी आधी आवाज ऐकून भूमिका देतील अशी अपेक्षा होती. १९३१ च्या ‘आलम आरा’चा नायक ठरला मास्टर विठ्ठल, मूकपटांतला आपला मराठी साहसवीर. नाव मोठे होते, म्हणून निवड झाली. मग लक्षात आले की त्याच्या तोंडी हिंदुस्तानी नीट बसत नाही. तेव्हा नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवून वेळ मारून नेली असे सांगतात. पहिल्याच भारतीय बोलपटाचा नायक कमीत कमी बोलला. या गोष्टीवर मी दर वेळी हसते, आणि मग आठवते की पडदा बदलला तरी नाव पाहून भूमिका द्यायची सवय अजून गेलेली नाही.

चाचणीच्या बाजूने बोलायचे तर मी सत्यजित रायना साक्षीला बोलावीन. ‘पथेर पांचाली’तल्या इंदिर ठाकरुणसाठी त्यांना खरोखरची जख्ख म्हातारी हवी होती. चुनीबाला देवींनी तरुणपणी रंगभूमीवर कामे केली होती, मग बरीच वर्षे कोणी विचारले नव्हते. राय घरी गेले. रडून दाखवा, हसून दाखवा असे काही म्हणाले नाहीत. रोज पहाटे उठून गावापर्यंतचा प्रवास झेपेल का, असे विचारले. पाठांतर शाबूत आहे का हे पाहण्यासाठी एक बालगीत म्हणायला सांगितले. बाईंनी ते रायना ठाऊक होते त्याहून लांब म्हणून दाखवले. रोजचे वीस रुपये ठरले. कामाला जे लागणार होते तेवढेच त्यांनी तपासले. मी वाचलेल्या निवडींतली ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते. १९५५ साली चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा चुनीबाला हयात नव्हत्या.

आणि मग नसीरुद्दीन शहा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांनी संप केला तेव्हा संचालक होते गिरीश कार्नाड, आणि संपात पुढे होते नसीर. दोघांत चांगलेच वाजले. श्याम बेनेगल ‘निशांत’साठी नवा नट शोधत होते. तेंडुलकरांची पटकथा, आणि धाकट्या भावाची, विश्वमची भूमिका. कार्नाडांनी त्या भूमिकेसाठी याच भांडखोर विद्यार्थ्याचे नाव सुचवले. आपल्याशी भांडणाऱ्या मुलाकडे पाहताना त्याच्यातला नट पाहण्याइतके स्वच्छ डोळे त्यांच्याकडे होते. पण हा मुलगा कार्नाडांच्या समोर आला कसा? इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेतून. भूमिका शिफारशीने मिळाली हे खरे, पण ती शिफारस होण्याइतपत जवळ यायला एक चाचणीच कामी आली होती.

म्हणून मी हल्ली दोन प्रश्न वेगळे ठेवते. अमुक भूमिका अमुक माणसाला ऑडिशनमुळे मिळाली का? बहुतेक वेळा नाही. शाहू महाराज, फाळके, कार्नाड, कोणाचे तरी कान किंवा डोळे आधीच तिथे पोहोचलेले असतात. दुसरा प्रश्न: ज्याच्या वाट्याला असा कोणीच आलेला नाही त्याने काय करायचे? मोठ्या नटांच्या चरित्रांत हा प्रश्न सापडत नाही, कारण असा कोणीच न मिळालेल्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

त्यांच्यातल्या एकीला मी पाहिले आहे. अनुवादावर पोट भरत नाही म्हणून मी डबिंगच्या संहिता लिहिते. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका लहान मुलांच्या मालिकेसाठी मराठी आवाज निवडायचे होते. चाचणीचा आठ ओळींचा उतारा मीच लिहिला होता: आजी नातवाला रागावते आणि रागावता रागावता तिला रडू येते. काचेच्या अलीकडे मी बसले होते. बहुतेक जणी रागावल्या छान, रडल्या छान, पण दोन्हींच्या मध्ये एक शिवण दिसत होती. एक बाई विदर्भातून आली होती, रात्रभर रेल्वेने. तिच्या वाचण्यात ती शिवण नव्हती. कधी रडू लागली ते कळलेच नाही. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा हात थांबवून ऐकत राहिला.

बाहेर आल्यावर तिने मला गाठले.

“मॅडम, माया उच्चारात काही चुकलं काय?”

“नाही हो,” मी म्हणाले, “फार छान झालं.”

ते खरेच होते. संध्याकाळी मला कलावंतांची यादी आली. आजीच्या नावापुढे एक परिचित नाव होते आणि यादीवर तारीख होती मागच्या शुक्रवारची. चाचणी झाली होती सोमवारी. मी त्या यादीप्रमाणे पुढच्या संहिता पाठवल्या, मानधनही घेतले.

दीड वर्षाने दुसऱ्या एका कामात पुन्हा आजी आली. या वेळी मला कोणी विचारले, कोणाचा आवाज सुचतो का म्हणून. मला तो आवाज जसाच्या तसा ऐकू येत होता, ओळ न् ओळ. मी जुनी पाकिटे उपसली. उताऱ्याची प्रत सापडली, माझ्याच पेन्सिलीची खूण होती, शेजारी दोनदा अधोरेखित केलेले ‘ही’. नाव नव्हते. नावे पाहून पक्षपात होऊ नये म्हणून त्या दिवशी सगळ्यांना क्रमांक दिले होते. तिचा क्रमांक होता चौदा.